बांधापलीकडची माती

सिंधुअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिच्याइतकी भित्री बाई अख्ख्या लोहा तालुक्यात सापडायची नाही. हे मी तिच्या तोंडावरही म्हणते, म्हणून इथं लिहायला मला काही वाटत नाही. पाल चुकचुकली की ती उठून जागा बदलते. मोबाईल वाजला की आधी छातीवर हात ठेवते, मग उचलते. वीज चमकली की आरशावर टॉवेल टाकते. मी एकदा विचारलं, आरशाचा आणि विजेचा काय संबंध? तर म्हणाली, "म्हाईत न्हाई बाई. पण न टाकून बघायची माझी हिंमत न्हाई."

दीर वारले तेव्हा तिची लेक आरती शाळेतही जात नव्हती. आता आरती लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे आणि अक्का इथं एकटी. एकाच अंगणात तिची खोली आणि आमचं घर. माझा नवरा व्यंकट टेम्पो चालवतो, धर्माबादहून मिरची आणतो, नांदेडला हळद टाकतो. त्यामुळे बरेचदा या अंगणात आम्ही दोघीच असतो. मी बोलते आणि ती घाबरते, असा आमचा संसार चालू आहे.

पालीची आणि विजेची भीती हसण्यावारी नेता येते. अक्काची खरी भीती माणसांची आहे. तिचं माहेर रेणापूरकडचं. लहानपणी तिच्या गल्लीत एक म्हातारी होती. कधीकाळी कुणाची तरी म्हैस मेली, या बाईनंच भानामती केली असं ठरलं, आणि लोकांनी दगडानं तिचे समोरचे दात पाडले. दात पाडले की मंत्र म्हणता येत नाही, म्हणे. ती म्हातारी पुढं कितीतरी वर्षं जगली. चहात भाकरी भिजवून खायची आणि पोरं तिला बघून पळायची. अक्काही पळायची. "आन आमी पळताना ती हसायची गं," अक्का सांगते, आणि सांगताना हात आपोआप स्वतःच्या तोंडावर नेते.

वाटणीत अक्काच्या वाट्याला माळ आला. मुरमाड, तांबूस, ज्वारीपलीकडं कधी काही न पिकलेला. त्याला लागून खालच्या अंगाला बालाजीचं रान आहे, काळंभोर, वर्षानुवर्षं सोयाबीनचं. मधे एकच बांध. गेल्या वर्षी अक्कानं ठरवलं की आपणही माळावर सोयाबीन करून बघायचं. आयुष्यात पहिल्यांदा ती काहीतरी धाडसाचं करत होती, म्हणून मी मोडता घातला नाही.

लोह्याच्या दुकानातून तिनं बियाणं आणलं आणि जिवाणूंची पाकिटंही आणली. दुकानदारानं तिला नीट सांगितलं होतं की गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत वाळवा आणि लगेच पेरा, पाकिटात जिवंत जिवाणू आहेत. यातला एकच शब्द अक्काच्या मनात घर करून बसला, तो म्हणजे जिवंत. जिवंत काहीतरी पाकिटात भरून घरात ठेवायचं आणि शेजारी झोपायचं, हे तिला होईना. म्हणून तिनं ती पाकिटं बाहेर, कोंबड्यांच्या खुराड्याच्या पत्र्यावर ठेवून दिली. पाऊस लांबला, पेरणी लांबली, आणि पाकिटं पत्र्यावर तापत राहिली; शेवटी तीच तिनं बियाण्याला चोळली. मला हे कळलं तेव्हा पीक गुडघ्याला लागायचं सोडून पिवळं पडायला लागलं होतं.

बालाजीचं रान बांधापलीकडं हिरवंगार, आणि अलीकडं अक्काचं रान कावीळ झाल्यासारखं. ती रोज जायची आणि रडवेली होऊन यायची. शेवटी मी कृषी सहायक मुग्धा मॅडमना फोन लावला. नांदेडची पोरगी, स्कूटीवरून येते, चिखलात बूट बरबटले तरी कुरकुर करत नाही. त्यांनी अक्काच्या रानातलं एक रोप उपटलं, मुळं झटकली आणि आमच्यापुढं धरली. मुळं साधी, दोऱ्यासारखी. मग बांध ओलांडून बालाजीचं एक रोप त्यांनी हलकेच उकरून दाखवलं आणि परत लावलं. त्याच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी होत्या.

"या गाठींत जिवाणू राहतात, अक्का," त्या म्हणाल्या. "हवेत नत्र भरपूर आहे, पण पिकाला तो घेता येत नाही. हे जिवाणू तो घेऊन पिकाला खाऊ घालतात आणि पीक त्यांना साखर पुरवतं. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. तुमच्या माळावर सोयाबीन कधी झालंच नाही, म्हणून मातीत ते नाहीत. पाकिटातून यायला हवे होते. पाकिटं कुठं ठेवली होती?"

"पत्र्यावर," अक्का म्हणाली.

मॅडमनी हातातलं रोप खाली ठेवलं. "भाजले हो ते," एवढंच म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. साप साप म्हणून भुई धोपटायची आणि खरा नुकसानीचा रस्ता आपणच धरायचा, ही अक्काची जुनी खोड. पण मॅडमनी उपायही सांगितला. युरियानं तात्पुरतं हिरवं दिसेल, गाठी धरायच्या नाहीत. नवीन पाकिटं लोह्यात संपलेली. तेव्हा बालाजीच्या रानातली मुळाजवळची माती चार-सहा घमेली आणायची, शेणखतात मिसळून ओळीनं टाकायची आणि वरून कोळपं फिरवायचं. "ऊन उतरल्यावर करा मात्र. ऊन लागलं की हेही मरतील." एवढं सांगून मॅडम स्कूटीवर बसून निघून गेल्या.

त्यांच्यासाठी ती नुसती चार-सहा घमेली माती होती. आमच्या गावात कुणी कुणाला आपल्या रानातली माती देत नाही. मातीबरोबर रानाची लक्ष्मी जाते. उसना नेलेला नांगर परत करतानासुद्धा त्याला चिकटलेली माती बांधाच्या आत झाडून यायची, अशी रीत आहे. आणि बालाजीची आई कस्तुराबाई या बाबतीत सगळ्या गावाच्या वरताण. तिच्या बांधावरून कुणाची शेळी गेली तरी तिच्या खुरांकडं बघणारी बाई ती.

"मी विचारते," मी म्हणाले.

"नगं," अक्का म्हणाली. "इचारल्यावर न्हाई म्हणल्या तर? मग घेताच यायचं न्हाई. आन वरून शक घेत्याल."

मी दोन दिवस तिची समजूत घालत राहिले. ती मान डोलवत राहिली. आणि आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला, मी घरातले दिवे घासून मांडत होते तेव्हा, ती घमेलं घेऊन एकटीच निघून गेली.

अवसच का निवडली? कारण अवसेला आमच्याकडं कुणी औत धरत नाही, रानात चिटपाखरू नसतं. कुणी बघू नये म्हणून तिनं नेमका तो दिवस धरला, ज्या दिवशी दिसलेली बाई कुणी विसरत नाही. बरं, नुसती माती घेऊन आली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण फुकट घेतलं तर चोरी होईल, अशी तिला भीती. म्हणून माती उकरली तिथं तिनं हळदकुंकू वाहिलं, मूठभर ज्वारी ठेवली आणि घरून नेलेला कणकेचा दिवा लावला. उपटलेली रोपं परत दाबून बसवली. एक घमेलं माती माळाच्या कडेच्या ओळींना टाकली, आणि दुसरं भरायच्या आत बांधावर काहीतरी खसफसलं म्हणून पळत घरी आली. मला हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसत होती. तिला वाटलं, काम फत्ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईंच्या ओरडण्यानं गाव जागं झालं. बांधाच्या आत खड्डा, हळदकुंकू, जळून काळा पडलेला कणकेचा दिवा आणि भोवती माना टाकलेली रोपं. त्याच संध्याकाळी बालाजीच्या सृष्टीला ताप चढला. सहा वर्षांची पोर, तापात डोळे फिरवून ताठ झाली. बालाजीची बायको तिला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ आली. पण ज्याची फांदी तुटते त्याला कावळाच दिसतो.

कस्तुराबाई शेजारच्या गावातल्या कुणा जाणत्याकडं जाऊन आल्या. तो म्हणाला, एकटी बाई आहे आणि तुमच्या वरच्या अंगाला राहते. अशा वर्णनात निम्मं गाव बसतं, पण बालाजीला वर्णनाची गरजच नव्हती. त्याच्या बांधापासून अक्काच्या ओळींपर्यंत तांबड्या मुरमावर काळी माती सांडत गेली होती. आंधळ्यालाही माग काढता आला असता.

त्या दोन दिवसांत आमच्या अंगणात कुणी आलं नाही. दूध घालणारी बाई भांडं कट्ट्यावर ठेवून न बोलता गेली. नळावर मी गेले की बायका घागरी अर्ध्या भरलेल्या उचलून निघायच्या. अक्का खोलीतून बाहेर येईना. भाकरी नेली तर दारातूनच परत पाठवायची. मला राग आला होता, गावाचा आणि तिचाही, पण खरं सांगायचं तर रागाच्या खाली मीही घाबरले होते. व्यंकट धर्माबादला अडकलेला. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "दार लावून घ्या, मी उद्या येतो." उद्या फार लांब होता.

बालाजी दुपारीच आला. अंगणात उभा राहून म्हणाला, "सिंधुवहिनी, जरा रानात चला."

एरवी तो तिला सिंधुबाई म्हणतो. त्या दिवशी वहिनी म्हणाला, तेही खालच्या आवाजात, आणि माझ्या अंगावर काटा आला. मी आडवी आले. "कशाला? जे बोलायचं ते हितंच बोला."

"रानातच बोलायचंय, उज्वला. जे ठिवलं ते जिथल्या तिथं काढायला पाहिजे." त्याचे डोळे लाल होते. लेक दवाखान्यात, त्याला झोप कुठली? मला त्याची कीव यायला हवी होती, पण त्याच्या हातात विळा होता.

मी मुग्धा मॅडमना फोन लावला. लागला नाही. परत लावला, तेव्हाही लागला नाही. अक्का दारात येऊन उभी होती. "मी येते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला ओठ हललेलेच दिसले.

बांधावर वीसेक माणसं जमली होती. पुढं कस्तुराबाई. त्यांच्या मुठीत दगड होता. मोठा नव्हता, हातात मावेल एवढाच. अक्कानं तो बघितला आणि दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबून धरला. मी तिच्या शेजारी होते, मला कळलं ती काय झाकतेय. तिला तिच्या गल्लीतली म्हातारी दिसत होती.

पण बाकीच्यांना वेगळंच दिसलं. "बघा, पदराआड पुटपुटून राहिली!" मागून कुणीतरी म्हणालं. गर्दी एक पाऊल पुढं सरकली.

"तोंड उघड, सिंधे," कस्तुराबाई म्हणाल्या. "काय म्हणतीस ते मोठ्यानं म्हण. माझ्या नातीला काय केलंस?"

"काही केलं नाही तिनं!" मी ओरडले. "माती घेतली, पिकासाठी. मॅडमनी सांगितलं होतं. हात लावाल तर पोलिसात जाईन, कायदा आहे याला!"

"जा की," बालाजी म्हणाला. "आधी हे काढू दे तिला."

अक्का मटकन खाली बसली. मला वाटलं, भोवळ आली. पण तिनं एक हात तोंडावर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माना टाकलेलं एक रोप उपटलं आणि मुळं वर धरली. "ह्या," ती पदराआडून म्हणाली. "ह्या गाठींसाठी, मावशी. माझ्या रानात न्हाईत ह्या. ह्येच्यात जीव असत्यात, ते पिकाला जेवू घालत्यात." आणि आत जीव आहे हे दाखवायला तिनं एक गाठ नखानं फोडली.

आतून ती लाल निघाली. ताज्या जखमेसारखी लाल.

"रगत!" कस्तुराबाई किंचाळल्या. बायका मागं पळाल्या. बालाजीचा विळ्याचा हात वर गेला की काय, मला आठवत नाही, मी डोळे मिटले होते. मॅडमनी आम्हाला गाठी दाखवल्या होत्या, फोडून दाखवल्या नव्हत्या. आत असा रंग असतो हे मला ठाऊक नव्हतं, अक्कालाही नव्हतं. तिनं स्वतःच्या नखाकडं बघितलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. त्या क्षणी, मी खोटं सांगणार नाही, मलाही वाटून गेलं की हे काय आहे?

डोळे उघडले तेव्हा अक्का गुडघ्यांवर रांगत बालाजीच्या हिरव्या रानात शिरत होती. तिनं एक धडधाकट रोप उपटलं, गाठ फोडली. लाल. दुसरं उपटलं. तेही लाल. ती रडत होती, नाक गळत होतं, आणि ती एकेक रोप मागं टाकत होती. "ह्ये बी बघा. ह्ये बी तसंच. मी हितं आलेच न्हवते, मावशी. तिकडं तर मी कधीच गेले न्हाई. तिकडचं उपटा. तुमच्या हातानं उपटा."

कस्तुराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्या वळल्या आणि तरातरा रानाच्या पार दुसऱ्या टोकाला, विहिरीच्या बाजूला गेल्या. तिथं वाकल्या. ओली जमीन, धरून बसलेलं रोप, एका हातानं निघेना. त्यांनी दगड टाकला आणि दोन्ही हातांनी ओढलं.

गाठ फोडलेली आम्हाला लांबून दिसली नाही. दिसलं ते हे की त्यांनी पुढच्या ओळीतलं रोप उपटलं. मग त्याच्या पुढचं. बोटं नाकाजवळ नेऊन वास घेतला. परत वाकल्या. अख्ख्या रानात प्रत्येक मुळावर तोच लाल रंग होता, आणि तेच सोयाबीन विकून त्यांच्या घरचं सगळं चाललं होतं.

शेवटी बालाजीच म्हणाला, "आई, बास कर. पीक उपटून राहिलीस."

लोक पांगले. माफी कुणी मागितली नाही, आमच्याकडं तशी पद्धतच नाही. व्यंकट दुसऱ्या दिवशी आला आणि दोन दिवस मिशीला पीळ देत फिरला, वेळेवर न आलेल्या माणसासारखा. सृष्टीला डेंग्यू निघाला होता. आठवड्यानं पोर घरी आली, वाळलेली पण हसरी. मुग्धा मॅडमना मी लालचं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, गाठ आतून लाल असली म्हणजे जिवाणू कामाला लागलेत, उलट पांढरी निघाली तर काळजी करायची.

अक्काला हे सांगून उपयोग नव्हता. तिची पालीची भीती गेली, विजेची गेली. एकच उरली. ती बोलताना पदर तोंडावर धरायला लागली. माझ्याशी बोलतानासुद्धा. आरतीच्या व्हिडिओ कॉलवर आरती म्हणायची, "आई, तोंड दिसू दे की." ही नुसते डोळे दाखवायची. माळाकडं ती फिरकेना. मीच जाऊन यायचे. बांधालगतच्या ज्या ओळींना ते एक घमेलं पडलं होतं, त्या हळूहळू हिरव्या होऊ लागल्या. बाकी सगळा माळ पिवळाच होता. मॅडम म्हणाल्या, बाकीच्या ओळींनाही माती टाकली तर निम्मं पीक तरी हाती लागेल. मी अक्काला हे सांगितलं. तिनं पदर आणखी घट्ट धरला.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मागच्या दारावर हळूच थाप पडली. अक्का माझ्या पाठीमागं लपली. मी कडी काढली तर कस्तुराबाई. पदराखाली झाकलेलं घमेलं, इकडंतिकडं बघत होत्या.

"माझी माती पडली तेवढंच हिरवं झालंय," त्या कुजबुजल्या. "बांधावरून रोज दिसतंय. घे सिंधु. आजून आणून देते. पण कुणाला सांगू नगंस माय. माती दिली म्हणून मलाच नावं ठेवतील."

माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. इतके दिवस साठवलेलं. पण माझ्या आधी मागून आवाज आला.

"न्हाई मावशी," अक्का म्हणाली. पदराआडून, पण म्हणाली. "अंधारातली माती मला नगं. मी अंधारात घेतली, काय झालं बघितलं तुमी. द्यायची तर सकाळी द्या. येशीतून या. समद्यांसमोर."

कस्तुराबाई घमेलं घेऊन परत गेल्या. मी अक्कावर चिडले. आलेली माती कुणी परत पाठवतं का? ती म्हणाली, "न्हाई आल्या तर न्हाई. पिवळं तर पिवळं." आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी ती ओट्यावर जाऊन बसली, तोंडावर पदर. पारावर माणसं होती, नळावर बायका होत्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वेशीच्या बाजूचं बोलणं एकदम थांबलं.

कस्तुराबाई चालत येत होत्या. डोक्यावर उघडं घमेलं, त्यात काळी माती शिगोशीग. बायका घागरी खाली ठेवून बघत होत्या. पारावरचा एकजण उठून उभा राहिला. कस्तुराबाईंनी कुणाकडं बघितलं नाही. चेहरा असा, की अजून एक पाऊल टाकलं तर पडतील. आमच्या ओट्यासमोर येऊन थांबल्या. घमेलं खाली उतरवून पुढं केलं.

एका हातानं घेता येण्यासारखं ते नव्हतं. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग गल्लीकडं. आणि पदर सोडून दोन्ही हात पुढं केले.

घमेलं मांडीवर घेऊन तिनं वर आभाळाकडं बघितलं. सूर्य लिंबाच्या वर आला होता.

"ऊन लागंल त्यांना," ती म्हणाली, आणि तोंडावरून सुटलेला पदर मातीवर पसरला.